दोन वाजताची कूस

बेटाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं.

लोड दोन. एक पाठीला, एक गुडघ्यांच्या मध्ये.

काकडीची चकती पातळ हवी. जाड चकती डोळ्यावरून घसरते.

मिरजेच्या घरी हवेच्या गादीचा पंप अजून घुरघुरतो आहे. गादीवर कुणी नाही.

तीन वाजून वीस मिनिटं.

समुद्र उताणा.

*

हेमलता आणि तिची नणंद कुंदा होडीतून उतरल्या तेव्हा बेट डाव्या कुशीवर होतं. त्यामुळे सगळे माड एकाच बाजूला कलले होते, आणि स्वागताला मिळालेलं शहाळं मान वाकडी करून प्यावं लागत होतं. धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांतली एक बाई उभी होती. तिने नमस्कार केला आणि म्हणाली, "बारा वाजता आपण उजवीकडे होऊ. तेवढ्यापुरतं बॅगा धरून बसा."

"दर दोन तासांनी?" हेमलताने विचारलं.

"हो. नाहीतर खालची वाळू लाल पडते. मग सोलवटते."

"पावडर लावता?"

"आधी कोरडं पुसून घेतो. मग लावतो."

हेमलताने मान हलवली. बरोबर करत होते.

"झाली चौकशी?" कुंदा म्हणाली. "वहिनी, त्यांचं बेट ते बघतील. तू इथे पाहुणी आहेस. पाहुणीसारखी आळशी हो."

हेमलताचे पती दिगंबर सहा वर्षं अंथरुणावर होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाठीला जखमा नको असतील तर दर दोन तासांनी कूस बदला. हेमलताने बदलली. डावी, उताणी, उजवी. रात्री गजर लावून, सणावारी पुरण तसंच ठेवून, एकदा तर स्वतःच्या अंगात ताप असताना. सहा वर्षांत दिगंबरना जखम म्हणून झाली नाही. मग आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी ती खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. जाग आली तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती आणि दिगंबर गेलेले होते. बारा वाजताची कूस तिला आठवत होती. दोनची आठवत नव्हती. शेजारचे लोक धावत आले, त्यांनी लोड काढले, गादीवरून खाली घेतलं, आणि दोनची कूस बदलली होती की नाही, हे बघायला काही उरलं नाही.

तेव्हापासून तिचे हात दर दोन तासांनी आपोआप पुढे होत. झोपेत, देवळात, भाजी निवडताना. म्हणून कुंदा तिला इथे घेऊन आली होती.

बारा वाजता आठ बायका आल्या. त्यांनी किनाऱ्याची कड चादरीसारखी मुठीत गुंडाळली, एकमेकींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एक, दोन, आणि..." बेट उचललं गेलं, क्षणभर उताणं थांबलं, आणि हळूच उजव्या कुशीवर टेकलं. कुणाच्या हातातला पेला सांडला नाही. पण हेमलताचे हात पुढे गेलेच.

"हात खाली," कुंदाने दटावलं.

"डाव्या बाजूची ती तिसरी बाई पाठीतून वाकते आहे. कंबर जाईल तिची."

"जाऊ दे. मालिश करणाऱ्या इथेच आहेत."

*

मालिशची खोली दोन पलंगांची होती. दोघी पलंगांवर पडल्या. कुंदाच्या डोळ्यांवर काकडी ठेवली गेली. "वहिनी, तू उठून यांची कोशिंबीर करायला घेऊ नकोस हं," ती म्हणाली.

हेमलताकडे फिलोमिना आली. ती मूळची वसईची, वयाने हेमलताएवढीच, आणि तिचे हात शेगडीजवळ धरल्यासारखे उबदार होते. तिने पाठीला तेल लावलं नाही. हेमलताचा उजवा तळवा उघडला, अंगठ्याने मधोमध दाबला, आणि त्यातून घडी घातलेला एक पांढरा टॉवेल काढला.

"ही पहिली कूस," ती म्हणाली. "केवढी घट्ट बसली होती."

टॉवेलला डेटॉलचा वास होता. पुढच्याला पेजेचा. फिलोमिना एकेक काढून भिंतीशी रचत गेली. भिंत भरली तेव्हा खोली आणखी लांब झाली, आणि ती लांबीही भरली. एका टॉवेलला उटण्याचा वास आला तेव्हा हेमलता म्हणाली, "पहिली दिवाळी." टॉवेलागणिक हात हलका होत होता. मनगट, मग कोपर, मग खांदा. कोपराची जागा तिला इतक्या वर्षांनी कळली की आधी तिला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"माझे पण काढा की," कुंदा म्हणाली.

फिलोमिनाने तिचा तळवा दाबला. छोटीशी चवड निघाली, मांडीवर मावेल एवढी. सगळ्या टॉवेलांना रविवार दुपारचा वास होता.

"एवढेच?"

"एवढेच."

कुंदाने डोळ्यांवरच्या चकत्या काढल्या आणि हातात धरून बसली.

टॉवेल छताला लागले. आता खोली लांब होत नव्हती. फिलोमिनाला उभं राहायला पलंगाकडेची वीतभर जागा उरली होती. टॉवेलांना अगरबत्तीचा वास येऊ लागला, आणि हेमलताला कळलं की शेवटचा दिवस आला. सहाची कूस निघाली. आठची. दहाची. बाराची निघाली, तिच्यावर लिंबाच्या सरबताचा डाग होता.

हेमलताने मूठ मिटली.

"आहे अजून काहीतरी," फिलोमिना म्हणाली.

"नाही."

"मूठ उघडा, ताई."

"नसलं आत काही, तर?"

"तर नसेल."

"मग राहू दे. आहे तेवढं पुष्कळ हलकं झालं." ती उठून बसायला गेली. चारी बाजूंनी टॉवेल होते, पाय टेकायला जागा नव्हती. ती पुन्हा आडवी झाली. मूठ तिने छातीशी धरली. मग छताकडे बघत म्हणाली, "कुंदा, मी झोपले होते गं. तुझा दादा गेला तेव्हा. मी कुणाला सांगितलं नाही."

"मला माहीत आहे."

"कसं?"

"मी आले तेव्हा तुझ्या गालावर खुर्चीच्या वेताची जाळी उमटलेली होती. संध्याकाळपर्यंत गेली नाही. लोक भेटायला येत होते आणि मी आपली तुझ्या त्या बाजूला उभी राहत होते, कुणाला दिसू नये म्हणून."

"आणि आठ महिने बोलली नाहीस?"

"काय बोलणार? सहा वर्षं रविवारी येऊन चहा पिऊन जाणारी मी. तुला विचारू, की झोपलीस का?" कुंदाने नाक ओढलं. "झोपलीस ते बरं केलंस, वहिनी. दादाला आवडलं असतं. तो म्हणायचाच, हिला घोरताना ऐकून कित्येक वर्षं झाली."

"मी घोरत नाही."

"चिक्कार घोरतेस."

हेमलताला हसू आलं. हसताना टॉवेलांच्या भिंती हलल्या, वरचे काही घरंगळले, आणि मधून वाट झाली. त्या वाटेने आठ बायका आत आल्या. दोन वाजले होते.

"बेट?" हेमलताने विचारलं.

"बेट थांबेल," तिसरी बाई म्हणाली. तिने कंबर सरळ ठेवली होती.

त्यांनी हेमलताच्या खालच्या चादरीची कड गुंडाळली. तिचे हात पुढे झाले नाहीत. "एक, दोन, आणि..." तिला कुणीतरी वळवलं. पाठीला लोड लागला. गुडघ्यांच्या मध्ये दुसरा. कुणीतरी कानामागचे केस सारखे केले, जसे ती दिगंबरचे करायची. डाव्या कुशीवरून तिला खिडकी दिसली, खिडकीत समुद्र, आणि समुद्रही तिच्याच बाजूला वळून पडला होता.

"घोरायला लागली बघा," कुंदा कुणाला तरी सांगत होती. "सांगितलं नव्हतं?"

फिलोमिना पलंगाच्या कडेला बसून राहिली. हेमलताचा उजवा हात पलंगाबाहेर लोंबत होता. झोपेत मुठीतली करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट.

दिगंबर गेले त्या दिवशी दोन वाजता हेमलताने त्यांना उजव्या कुशीवरून डाव्या कुशीवर वळवलेलं होतं, आणि दोन्ही लोड जागच्या जागी होते.