क्रमांक सतरा

इल्पो वाइनिक्कानं मायक्रोफोनचं बटण दाबलं आणि पाहुण्यांचा सहावा गोल जाहीर केला. गोल कुणी मारला, पास कुणी दिला, सगळं एका पट्टीत, रेडिओवर हवामान सांगतात तसं. बटण सोडल्यावर मात्र तो पुटपुटला की आता हे मोजणं बंद केलेलं बरं. शेजारी बसून घड्याळ सांभाळणाऱ्या केर्तूनं थर्मासमधली कॉफी त्याच्या कपात ओतली.

"मोजायला मी आहे," ती म्हणाली. "तू नुसतं बोल."

कूराला गावच्या 'तुइस्कू' या आइस हॉकी संघाचा, सोळा वर्षांखालच्या पोरांचा, हंगामातला तो पहिलाच सामना होता. बाहेर बर्चची पानं पिवळी पडायला लागली होती आणि आत हॉलमध्ये बर्फावर तेरा पोरं आलटून पालटून उतरायच्या दोन फळ्या कशाबशा पुऱ्या करत होती. प्रेक्षकांत आईबाप आणि सॉसेज विकणारा माणूस. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती, आणि इल्पो समोर आहे म्हणून ती कुणी बोलत नव्हतं.

त्याआधीची सात वर्षं तुइस्कूचा सतरा क्रमांक इल्पोचा मुलगा ओइवा घालत होता. तुइस्कूचे निम्मे गोल त्याचे. एप्रिलमध्ये किनाऱ्यावरच्या शहरातल्या 'तेरास' क्लबनं त्याला बोलावलं आणि तो गेला. आता तिथल्या शाळेत शिकत होता, क्लबनं दिलेल्या खोलीत राहत होता. जाताना बापलेकांत भांडण असं झालं नाही. इल्पो एवढंच म्हणाला होता की ज्या गावानं तुला बर्फावर उभं केलं, त्याला एक हंगाम तरी द्यायला हवा होतास. ओइवानं त्यावर बॅगेची चेन लावली. तेव्हापासून आई सारा महिन्यातून एकदा गाडी काढून त्याच्याकडे जाऊन येई. इल्पोला शनिवारी सामने असत.

ऑक्टोबर तसाच गेला. हरले, पुन्हा हरले, एकदा बरोबरी झाली तर पोरांनी जिंकल्यासारखा धिंगाणा घातला. मग प्रशिक्षक हेन्नानं एका सरावाला नीलोला बाजूला घेतलं. नीलो हा संघातला बडबड्या. समोरच्या पोराच्या हेल्मेटपासून त्याच्या आजोबांपर्यंत सगळ्यांवर शेरे मारत खेळायचा. पण चकती काठीला लागली की त्याला पहिला प्रश्न पडायचा, द्यायची कुणाला? सात वर्षं त्यानं ती ओइवालाच दिली होती.

"मी पास कुणाला देऊ?" त्यानं हेन्नाला विचारलं.

"जाळ्याला दे," हेन्ना म्हणाली.

इल्पो तेव्हा बाकाजवळची फुटलेली काच बदलत होता, त्यानं हे ऐकलं. नीलो त्या रिकाम्या जाळ्याकडे वळला. त्या दिवशी त्यानं इतके फटके मारले की शेवटी त्याला काठी धरवेना.

नोव्हेंबरात तुइस्कू जिंकलं. एकाच गोलनं, तोही चकती नीलोच्या पार्श्वभागाला लागून आत गेलेला. गोल जाहीर करताना पहिल्यांदाच इल्पोची पट्टी सुटली. केर्तूनं त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

त्यानंतर तुइस्कू जिंकतच कसं गेलं ते कूरालात कुणालाच नीट सांगता आलं नसतं. एकावर भिस्त ठेवायची सवय मोडली आणि तेरा जणांना आपापले पाय सापडले, असं हेन्ना म्हणे. इल्पोच्या मते ते लुमीमुळे झालं. लुमी संघातली एकटी मुलगी, गोलकीपर. पुढच्या वर्षी तिला मुलांच्या संघात खेळता येणार नव्हतं आणि ती प्रत्येक सामना याच रागानं खेळत होती. अंगावर चकती येई तेव्हा ती मागे न सरता पुढे येई. समोरची पोरं सुरुवातीला तिला चिडवत, दुसऱ्या सत्रापर्यंत गप्प होत, आणि तिसऱ्यात तिच्या जाळ्याच्या खांबांना शिव्या देत.

नाताळानंतर इल्पो बाहेरगावच्या सामन्यांनाही बसमधून जायला लागला. तिथे त्याला काही काम नव्हतं. उणे तीस अंशांत बसचं दार गोठायचं आणि पोरं त्यावर गरम कॉफी ओतून ते उघडायची. परतीच्या वाटेवर मागच्या सीटांवरून गाणी चालत. कुणीतरी खारट लिकोरिसच्या गोळ्यांची पिशवी पुढे पाठवी आणि ती इल्पोपर्यंत येईस्तोवर रिकामी झालेली असे. सारानं एकदा विचारलं, रविवारी तुला वेळ असतो का? इल्पो म्हणाला, रविवारी बस आहे.

फेब्रुवारीत हॉलमध्ये बसायला जागा मिळेना. बेकरीवाली सामन्याच्या दिवशी पुल्लाचे गोड पाव दुप्पट भाजू लागली. शाळेत, पेट्रोल पंपावर, सौनाच्या वाफेत, सगळीकडे लोक गुणतक्ता तोंडपाठ म्हणत होते. आणि मार्चच्या एका शनिवारी तुइस्कू विभागातल्या शेवटच्या सामन्याला उभं राहिलं. दोन गट, प्रत्येक गटात असा एक सामना. जिंकणारे देशाच्या स्पर्धेला जाणार, हरणारे दोघे दुसऱ्या दिवशी तिसऱ्या जागेसाठी खेळणार. सामना कूरालात होता. समोर तेरास.

पाहुण्यांची नावं वाचताना इल्पो सोळा क्रमांकानंतर श्वास घ्यायला थांबला. मग त्यानं वाचलं, "क्रमांक सतरा, ओइवा वाइनिक्का," आणि लगेच अठरा. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी तिला गप्प केलं. बर्फावरचा ओइवा एप्रिलपेक्षा चांगला वीतभर उंच दिसत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

सामना सुरू झाला तोच अंगावर धावून आल्यासारखा. तेरासची पोरं थोराड, वेगवान, एकसारख्या चकचकीत हेल्मेटांची. पहिला गोल त्यांचा. तुइस्कूनं तो गर्दीत ढकलाढकली करून फेडला. दुसऱ्या सत्रात नीलोनं कोपऱ्यातून असा फटका मारला की चकती जाळ्यात गेलेली आधी कुणाला दिसलीच नाही, लाल दिवा लागला तेव्हा कळलं. हॉलचं छप्पर उडायचं बाकी होतं. मग ओइवानं दोघांना चुकवून बरोबरी केली. पुन्हा त्याच जुन्या वळणानं, आधी उजवीकडे झुकून. इल्पो ते वळण घरामागच्या तळ्यावर हजारदा पाहत आला होता. त्यानं ते जाहीर केलं, एका पट्टीत. त्याचा हात कपाकडे गेला, आणि कप रिकामा आहे हे त्याला ओठाला लावल्यावर समजलं.

तिसरं सत्र संपत आलं तरी दोन-दोनच होते. लोक आता बसत नव्हते. तेवढ्यात नीलो चकती घेऊन सुटला, मागून ओइवाची काठी त्याच्या घोट्यात आली, नीलो पालथा पडला आणि पंचांचा हात वर गेला.

"तेरास, क्रमांक सतरा, ओइवा वाइनिक्का. पाय अडवल्याबद्दल दोन मिनिटं."

शिक्षा झालेल्या खेळाडूंचा बाक इल्पोच्या टेबलाला लागूनच होता. मधे नुसती एक काच, आणि खाली कागद सरकवायला फट. ओइवा आत आला, दार आपटलं आणि धापा टाकत बसला. त्याच्या जर्सीतून वाफ निघत होती. एप्रिलनंतर बापलेक इतक्या जवळ बसले नव्हते.

तुइस्कूची पोरं पाच, तेरासची चार. चकती तेरासच्या जाळ्याभोवती घिरट्या घालू लागली.

"मी मुद्दाम नाही अडवलं," ओइवा काचेकडे न बघता म्हणाला.

"अडवलंस. मी पाहिलं."

ओइवानं पाण्याची बाटली तोंडावर ओतून घेतली. समोर लुमी जाळं सोडून पार पुढे आली होती आणि सगळ्यांवर ओरडत होती.

"तिनं जानेवारीपासून उजवा हात खाली घ्यायचं सोडलंय," तो म्हणाला. "मी आमच्या पोरांना सांगितलं होतं, आता त्या बाजूला वर मारू नका. ऐकतंय कोण."

इल्पोनं मान वळवली. "तुला काय माहीत?"

"इथले सामने फोनवर दाखवतात की. सगळे ऐकलेत मी."

"ऐकलेत?"

"चित्र अडकतं तिथल्या खोलीत. आवाज येतो." त्यानं हेल्मेटचा पट्टा ओढला. "तुझा."

नीलोचा फटका खांबाला लागला. खणकन आवाज झाला, सगळा हॉल विव्हळला. इल्पोनं तिकडे पाहिलं नाही.

"आईनं सांगितलं नाही मला."

"तिला माहीत नाही." ओइवा उठून दाराला टेकला, सुटायची वेळ जवळ आली होती. "तू एकदाही आला नाहीस, बाबा."

"शनिवारी इथे..."

"आमचे रविवारी असतात."

केर्तूनं घड्याळाकडे बोट केलं. इल्पोनं बटण दाबलं. दोन्ही संघ पूर्ण संख्येनं खेळत आहेत, एवढंच सांगायचं होतं. "दोन्ही संघ," तो म्हणाला, आणि दार उघडलं. त्याच क्षणी तेरासच्या कुणीतरी जीव खाऊन मारलेली चकती निळ्या रेषेवरून घसरत थेट ओइवाच्या काठीवर आली. त्याच्यापुढे कुणी नव्हतं. नुसतं पांढरं बर्फ आणि टोकाला लुमी.

इल्पो कधी उभा राहिला त्याला कळलं नाही. पुढची काच वाफेनं धूसर झाली होती, तिच्यातून त्याला पाठीवरचा सतरा दिसत होता, लहान लहान होत जाणारा.

"पळ, ओइवा, पळ!"

आवाज छताच्या चारही भोंग्यांतून आला. अख्ख्या कूरालानं तो ऐकला. बटणावरचं बोट निघालंच नव्हतं.

ओइवा उजवीकडे झुकला. लुमी झुकली नाही. ती पुढे आली, पाय पसरून आडवी पडली, आणि चकती तिच्या पॅडवर आपटून वर उडाली. ती खाली पडायच्या आत नीलोनं हातानं थोपवली, काठीवर घेतली आणि निघाला. तेरासची सगळी पोरं उलट्या तोंडानं पुढे आलेली. मागे एकच बचावपटू. उजवीकडून तुइस्कूचा एक पोरगा पास मागत काठी आपटत होता. नीलोनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लाल दिवा लागला.

हॉलमध्ये काय झालं ते शब्दांत सांगण्यासारखं नव्हतं. लोक अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होते. बेकरीवाली रडत होती. इल्पोनं गोल जाहीर केला, तो कुणाला ऐकू गेला नसेल, त्याचा घसाही बसला होता. मग उरलेले क्षण तेरासनं जीव तोडून घालवले आणि भोंगा वाजला. सगळी पोरं लुमीच्या अंगावर कोसळली. काही वेळ तिथे नुसते हातपाय आणि हातमोजे दिसत होते.

दूरच्या कठड्याशी ओइवा गुडघ्यावर बसला होता. हस्तांदोलनाची रांग लागली तेव्हा तो शेवटी उठला. नीलो त्याच्यापाशी थांबला, काहीतरी बोलला, बहुधा घाणेरडंच, कारण ओइवाचे खांदे हसण्यानं हलले. लुमीनं त्याच्या हेल्मेटवर हेल्मेट आपटलं.

लोक पायऱ्या उतरताना टेबलाजवळून जात होते. एकानं इल्पोच्या पाठीवर थाप मारून विचारलं, तू नक्की कुणाकडून बोलायला बसलायस? दुसऱ्यानं त्या विचारणाऱ्याला पुढे ढकललं. हेन्ना आली, घामेजलेली, आवाज गेलेली. उद्या बारा वाजता इथेच पोरांचं कौतुक करायचं ठरलं होतं. गाव येणार, सॉसेज भाजणार, आणि इल्पोनं एकेकाचं नाव पुकारून त्यांना बर्फावर बोलवायचं. जाताना ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

तेरासची बस मागच्या दाराशी उभी होती. इल्पो अंगातला कोट तसाच उघडा ठेवून बाहेर आला. बर्फ भुरभुरत होतं. ओइवा ओल्या केसांनी बॅग ओढत आला आणि बापाला बघून थांबला.

"सगळ्यांनी ऐकलं," तो म्हणाला.

"हो."

"आमची पोरं आता मला आयुष्यभर ऐकवणार."

इल्पोनं बॅगेचा दुसरा पट्टा धरला. बसपर्यंतचं अंतर दोघांनी ती मिळून नेली, गरज नसताना. ड्रायव्हरनं खालचा कप्पा उघडला. बॅग आत गेली.

"उद्या आमच्याकडे तिसऱ्या जागेसाठी आहे," ओइवा म्हणाला. "असल्या सामन्याला कुणी येत नाही."

"किती वाजता?"

ओइवानं बापाकडे पाहिलं. तुइस्कूच्या पोरांचं गाणं भिंतीपलीकडून इथवर ऐकू येत होतं.

"बारा."

इल्पोनं मान डोलावली. बस वळून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तो तिथेच थांबला, मग आत गेला. हॉल रिकामा झाला होता. केर्तू थर्मासचं झाकण लावत होती. त्यानं तिच्यासमोर मायक्रोफोन ठेवला आणि उद्याची नावं तिला पुकारायला सांगितली. गेल्या वीस वर्षांत ती या यंत्रात एक अक्षर बोलली नव्हती.

केर्तूनं चष्मा पुसला, मायक्रोफोन स्वतःकडे ओढला आणि बटण दाबलं.

"लुमी," ती म्हणाली. रिकाम्या हॉलमध्ये ते नाव मोठं झालं. तिनं घसा खाकरला. "जरा जास्तच जोरात येतं का रे?"

"येऊ दे," इल्पो म्हणाला.