तळहातावरचे चार थेंब

नाक मुरडून झालं असेल तर बोलायला सुरुवात करते. मी एक बाटली आहे. दारूची. सरबताची असते तर तुम्ही माझं मनोगत शाळेत पाठ करून घेतलं असतं. पण सरबताची बाटली आठ दिवसांत संपते, तिला सांगायला असतं काय? मला आहे.

माझी काच कुठल्या भट्टीत ओतली ते मला आठवत नाही. माझा जीव म्हणजे माझ्या आतलं बोर्बन. ते अमेरिकेतल्या केंटकी नावाच्या राज्यातलं. निम्म्याहून जास्त मका, वर थोडी इतर धान्यं. ओक लाकडाचं कोरं पिंप घ्यायचं, आतून चांगलं जाळायचं आणि त्या काळ्या पोटात पाण्यासारखी पांढरी दारू भरून ठेवून द्यायची. मग कोणी काही करायचं नाही. उन्हाळ्यात लाकडात शिरायचं, हिवाळ्यात बाहेर यायचं, आणि येताना रंग, गोडी, वास घेऊन यायचं. सहा वर्षं मी एवढंच केलं. पुढं मला काचेत भरलं, कागद चिकटवला आणि दुकानात उभं केलं.

तिथून मला उचललं स्पृहानं. खराडीच्या एका कंपनीनं तिला सहा महिन्यांसाठी तिकडं पाठवलं होतं. परत येताना तिनं बॅगेत मला दोन स्वेटरांत गुंडाळलं. पुण्यात स्वेटर तिनं कोणाला दिले माहीत नाही, पण मला एका शनिवारी दुपारी जेवणाआधी मैत्रिणी-मित्रांसमोर टेबलावर ठेवलं.

राकेश नावाचा एक जण लगेच कोल्ड्रिंकची बाटली उघडून तयार. "काढ गं, लवकर काढ. वर हे घातलं की काहीही गोड लागतं."

"मग तू नुसतं हेच पी ना," असं म्हणून एका मुलीनं माझ्यावर हात ठेवला. "आधी वास घेऊ दे."

ती ऋतिका. वय सव्वीस. अन्नतंत्रज्ञान शिकलेली आणि बिस्किटं-आइस्क्रीममध्ये घालायचे वास तयार करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. दिवसभर व्हॅनिलाची नक्कल करायची, हे तिचं काम.

तिनं पेल्यात जरासं घेतलं आणि सगळे करतात तीच चूक केली. नाक थेट आत घातलं. झोंबलं. डोळ्यांत पाणी आलं. राकेश हसला. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पेला थोडा लांब धरला, तोंड किंचित उघडं ठेवलं आणि पुन्हा वास घेतला.

आणि पेला तिथंच धरून तिनं डोळे मिटले.

"काय गं?" स्पृहानं विचारलं.

"काहिलीतला गूळ," ती म्हणाली. "भाजलेलं कणीस. सुताराच्या दुकानातला भुसा. आणि व्हॅनिला. अगं, यात कोणी व्हॅनिला घातलेलंच नाही ना?"

"नाही. लाकडातून येतं म्हणे."

मग तिनं घोट घेतला. पहिला घोट जिभेला चटका देतो, ते मी लपवत नाही. दुसऱ्याला ती थांबली. तिसऱ्याला हसली. माणसं प्रेमात पडतात तेव्हा कशी दिसतात ते मी त्या दिवशी पाहिलं. तिनं त्या दुपारी सगळं मिळून दोन चमचे घेतलं असेल, पण रिकामा पेला तासभर नाकाशी धरून बसली होती. निघताना स्पृहानं मला तिच्या हातात दिलं. "घेऊन जा. इथं राहिली तर राकेश हिच्यात संत्र्याचा रस घालेल."

अशी मी शनिवार पेठेत आले.

एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ऋतिकाचं घर, आणि तळमजल्यावर तिच्या वडिलांचं चहापत्तीचं दुकान. ऋतिकानं मला कपड्यांच्या मागं लपवलं नाही. पुस्तकांच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. तिची आई शर्मिला धूळ पुसायला आली तेव्हा तिनं माझ्यावरचा कागद अक्षर लावून वाचला.

"बोर्बन? ते चॉकलेटचं बिस्किट असतं ना गं?"

"आई, ही दारू आहे."

शर्मिलानं मला असं खाली ठेवलं, जणू मी गरम होते. "अहो!" तिनं हाक मारली. "जरा इकडं या!"

आले. यज्ञेश्वरराव. वय त्रेसष्ट, अंगात बंडी, कपाळावर आठी. मोठ्या माणसांचं एक असतं, गोष्ट कळायच्या आधीच त्यांचं मत तयार असतं. ऋतिकानं भांडण नको म्हणून दारू बाळगायचा सरकारी परवाना पुढं केला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला.

"प्रकृती जपण्यासाठी," ते म्हणाले. "वा. म्हणजे उद्यापासून च्यवनप्राश बंद."

"बाबा, टोमणे नकोत."

"टोमणा कुठं? सरकारचं वाक्य आहे."

एवढ्यावर हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण ऋतिकाचं प्रेम वाढत गेलं. वर्षभर ती वाचत होती, लिहीत होती, धान्य आणि लाकूड यांच्याबद्दल लोकांना पत्रं पाठवत होती. आणि एके दिवशी नाशिकच्या पुढच्या एका छोट्या डिस्टिलरीचं उत्तर आलं. ते लोक मक्याची व्हिस्की कोऱ्या लाकडात मुरवायला घेणार होते. तिला बोर्बन म्हणता येणार नाही, ते नाव आमच्या देशाचं. पण रीत तीच. पिंपांचे वास तपासायला त्यांना एक नाक हवं होतं. एक तारखेला रुजू व्हायचं आणि सोमवारपर्यंत कळवायचं.

"माझ्या घरातली मुलगी दारूच्या कारखान्यात जाणार नाही," यज्ञेश्वरराव म्हणाले.

"का?"

"का म्हणजे? संपतकाका विसरलीस?"

संपत त्यांचा धाकटा भाऊ. पिऊन पिऊन चाळिशीत गेला. ऋतिका तेव्हा सात वर्षांची होती. इथं मी काय बोलणार? आमच्या भावकीनं घरं बुडवली आहेत, हे मी नाकारत नाही. पण ऋतिका चिडली होती.

"काकाला तुम्ही कधी डॉक्टरकडं नेलं नाहीत, लोक काय म्हणतील म्हणून. आता त्याच्या नावानं माझी नोकरी अडवू नका."

हे फार लागलं. ते उठून खाली दुकानात गेले. पाच दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. ती जाणार, हे मला माहीत होतं. ती काही परवानगीला थांबणारी नव्हती. पण दार आपटून गेलेल्या मुलीला परत यायला किती वर्षं लागतात, हे त्या दोघांपैकी कोणीच मोजत नव्हतं. शर्मिला मोजत होती. ती रोज फळी पुसायची आणि मला शिव्या द्यायची.

शनिवारी दुपारी ऋतिका तिच्या कंपनीत कामावर होती. शर्मिला झोपली होती. यज्ञेश्वरराव ऋतिकाच्या खोलीत आले, त्यांनी मला मानेला धरलं आणि स्वयंपाकघरात, सिंकपाशी नेलं. बूच काढलं. मी तिरकी झाले. संपले, म्हटलं.

पण चाळीस वर्षांची सवय आडवी आली. ज्याला वास आहे अशी वस्तू हा माणूस हुंगल्याशिवाय हातावेगळी करूच शकत नाही. भाजीवाल्याची मेथी, नवी वही, पाहुण्याची छत्री, सगळं. त्यांनी चार थेंब डाव्या तळहातावर घेतले, मला ओट्यावर ठेवलं, चहाची पत्ती चोळतात तसे दोन्ही हातांनी चोळले, ओंजळ करून वर आपला गरम श्वास सोडला आणि नाक जवळ नेलं.

त्यांनी नाक वर उचललं, माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा श्वास सोडला, पुन्हा हुंगलं, असं चारदा. मग मला बूच लावलं, जागेवर नेऊन ठेवलं आणि जाताना माझं तोंड भिंतीकडं केलं, म्हणजे जणू मी काही पाहिलंच नाही.

चार वाजता दुकान उघडायचं होतं, आणि शनिवार हा मिश्रणाचा दिवस. दहा किलो पत्ती ते स्वतः हातानं कालवतात. त्या दुकानात उदबत्ती लागत नाही, अत्तर लावून आलेल्याला दारातून माल मिळतो आणि मिश्रणाआधी यज्ञेश्वरराव हाताला साबण लावत नाहीत, साबणाचा वास चहा ओढून घेतो म्हणून. त्यांनी नियमाप्रमाणे हात नुसत्या पाण्यानं धुतले. हाताला वास उरला होता. त्यांच्या नाकाला तो एव्हाना सवयीचा झाला होता, म्हणून कळला नाही.

मिश्रण रात्रभर मुरतं आणि दुसऱ्या दिवशी विकायला निघतं. पण एक पुडी त्याच संध्याकाळी घरी येते आणि तिचा चहा होतो. तसा झाला. खोलीचं दार उघडं होतं आणि काचेला पाठीमागचंही दिसतं, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं, पाहिलं.

ऋतिकानं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"माझी बाटली कोणी उघडली?"

"चहा पिताना बाटली कुठून आली मध्ये?" शर्मिला म्हणाली.

"चहातूनच आली."

"वेड लागलंय तुला. आलं आहे त्यात, वेलची आहे..."

"आणि बोर्बन आहे. थोडंसं. हातावरून आलंय. आधी हाताला लागलं, मग त्याच हातानं चहा कालवला गेला. बरोबर ना, बाबा?"

यज्ञेश्वरराव कप ठेवून उठले. पुडी घेऊन आले. चिमूटभर पत्ती तळहातावर घेतली, श्वास सोडला, हुंगलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा त्यांचा चेहरा बदलला.

"आहे," ते म्हणाले. मग खाली बसले. "ते दहा किलो विकायचं नाही."

"न विचारता माझ्या खोलीत शिरलात. ओतून टाकायला?"

"हो."

"मग ओतली का नाहीत?"

"वास घेतला."

ऋतिकानं आपली खुर्ची त्यांच्याकडं वळवली.

"संपतच्या तोंडाला जो वास यायचा," ते सावकाश म्हणाले, "तो घरात आला की मी उठून दुकानात जाऊन बसायचो. मला वाटलं, बाटलीतून तोच येईल. नाही आला. मी शोधला. चार-चारदा शोधला." पुडीची घडी घालत ते म्हणाले, "आणि तू म्हणालीस ते खरं आहे. डॉक्टरकडं न्यायला हवा होता. लोकांना भ्यालो मी."

"मी तसं बोलायला नको होतं, बाबा."

"बोललीस ते बोललीस. आता मला सांग, दूध, साखर, आलं, वेलची घातलेल्या कपात तुला चार थेंब सापडले कसे? मला सापडले नाहीत."

"तुमचं नाक सवयीला पडलं होतं."

"माझं नाक मला शिकवू नकोस," ते म्हणाले, पण आवाजात आठी नव्हती. "लाकूड कुठलं ते? साग नाही. नवं आहे, आणि आतून जाळलेलं आहे."

"ओक. तुम्हाला जाळलेलं कसं कळलं?"

"कळलं. तिथं गोदामाला छप्पर पत्र्याचं आहे की सिमेंटचं?"

"पत्र्याचं."

"मग उन्हाळ्यात माल तापेल. लवकर मुरेल, पण उडेलही फार. त्यांना विचार, पिंपं खालच्या रांगेत ठेवता की वरच्या."

शर्मिलानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "एक होतं ते पुरे नव्हतं. आता घरात दोन नाकं!"

तासभर ते दोघे बोलत होते. मला टेबलावर आणलं गेलं. पेले नव्हते, नुसते तळहात होते. शेवटी त्यांनी विचारलं, "सोमवारी काय कळवणार आहेस?"

"हो म्हणून."

"मला विचारणार नव्हतीस?"

"विचारलं होतं. तुम्ही न ऐकताच नाही म्हणालात."

"हं." त्यांनी मला बूच लावलं. "मी पिणार नाही. कधीच."

"कोण आग्रह करतंय तुम्हाला?"

"आणि तू एक लक्षात ठेव. चांगला चहा पारखणारा दिवसाला साठ कप चाखतो, गिळत एकही नाही. थुंकायला शीक. नाक कमवायचं असेल तर पोट कोरडं ठेवायचं."

या माणसानं तिला आशीर्वाद दिला, तो असा. पायावर डोकं नाही, डोक्यावर हात नाही. धंद्यातली एक गोष्ट सांगितली आणि हात धुवायला उठले. साबणानं.

ऋतिका गेली त्याला आता दीड वर्ष झालं. मला तिनं मुद्दाम इथं ठेवलं. मी अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली आहे. बाटली एकदा उघडली की वास हळूहळू विरतो, त्यामुळं माझेही दिवस मोजकेच आहेत. दर रविवारी दुपारी, म्हणजे मिश्रणाचा दिवस उलटल्यावर, यज्ञेश्वरराव बूच काढतात, चार थेंब हातावर घेतात आणि नाशिकला फोन लावतात. "हिला आता सुक्या मेव्याचा वास यायला लागलाय," ते सांगतात. पलीकडून ती तिच्या पिंपांचं सांगते. दीड वर्षांत त्यांनी माझा एक थेंबही प्यायलेला नाही. आणि मला विचाराल तर, आजवर माझ्यावर एवढं प्रेम दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

पुस्तकांच्या फळीवरून मला हलवून त्यांनी बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेवलंय. सबंध वरचा कप्पा रिकामा करून दिला, चहाच्या डब्यांना माझा वास लागू नये म्हणून. एवढी जागा असताना मला मधोमध ठेवावं की नाही? नाही. एका कोपऱ्याला सरकवलं. परवा शर्मिलानं शेजारी फुलदाणी ठेवली, तर त्यांनी ती उचलून परत तिच्या हातात दिली.

"तिथं काही ठेवू नकोस. ती जागा घेतलेली आहे."

"कोणी?"

"पोरीच्या पिंपातली पहिली बाटली यायची आहे."

"अहो, तिला अजून तीन वर्षं आहेत!"

"मग मी कुठं चाललोय?"

तुमच्यापैकी कोणी नाशिककडं निघालं असेल तर ऋतिकाला एवढं सांगा, कोपऱ्यातली मी आणि खुर्चीतला तो म्हातारा, दोघंही ठीक आहोत. आणि लवकर कर, असं मात्र सांगू नका. पिंपाला घाई केलेली कळते.