चौथा प्रश्न

फोन कान आणि खांद्यात दाबून सिस्टर लक्षणांच्या अर्जावर खुणा करत होत्या. पलीकडे वॉर्डातली फरशी पुसणाऱ्या मावशी कण्हत होत्या. कालच सकाळी त्यांना करोनाची लस टोचली होती.

"ताप?"

"कपाळावर दूध ठेवलं तर उतू जाईल, सिस्टर."

"अंगदुखी? खोकला?"

"हाडन् हाड ठणकतंय. खोकला नाही हो."

चौथा प्रश्न वासाचा होता. लशीने ताप येतो, अंग मोडून येतं. पण वास जात नाही. तो गेला असेल, तर लगेच तपासणी आणि घरापासून दूर वेगळ्या खोलीत रवानगी. दारात कर्मचारी ताटकळत होते, टेबलावरचा दुसरा फोन बोंबलत होता. सिस्टरांनी 'वास येतो' वर खूण करून टाकली.

"लशीचाच ताप आहे, मावशी. दोन दिवस घरी पडून राहा."

मावशी घरी राहिल्या. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला भरवत, पुसत राहिल्या. पाचव्या दिवशी त्याला धाप लागली. तपासणीत दोघांनाही लागण निघाली. मावशी त्यातून उठल्या. नवरा गेला.

महिन्याभराने सिस्टर त्यांच्या घरी गेल्या. काय बोलायचं ते वाटेत दहादा घोकलं होतं. मावशी नवऱ्याच्या सदऱ्यांच्या घड्या घालत होत्या.

"तोंड का उतरलंय? तुमचा काय दोष?" मान वर न करता त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारलं होतंत की, वास येतो का म्हणून. मीच खोटं बोलले. आदल्या दिवसापासून फिनेलचासुद्धा वास येत नव्हता मला."

सिस्टरांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. नुसतं गप्प राहिलं तरी भागणार होतं.

"मावशी, मी विचारलंच नव्हतं."

मावशींचे हात थांबले. मग त्यांनी सदऱ्याची बाही तळव्याने सारखी केली, पुन्हा पुन्हा केली.

"विचारलं असतंत, तरी येतो म्हणाले असते. मला नेलं असतं, तर यांना कूस कोण बदलून देणार होतं?"

मावशींनी नीट बसलेली घडी मोडली.

"पण विचारायचं होतंत, सिस्टर."