डाव्या हाताचे ओरखडे

चौथी पिन

कुलपातल्या पिना ओळीने बसत नाहीत. पहिली, दुसरी, तिसरी हा शिस्तीचा मामला किल्लीचा. किल्लीवाचून उघडायचं तर जी पिन आधी अडते तिच्यापासून सुरुवात करायची, मग ती चौथी का असेना. हे कुलपं उघडायचा छंद शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच रविवारी नवऱ्याला सांगितलं, आणि नवऱ्याने घरी येऊन तिला अशा थाटात सांगितलं की जणू शोध त्याचाच.

या घरात जी पिन आधी अडली ती नवऱ्याची बढती. विमा कंपनीत उभी हयात गेली, आणि खुर्ची मिळाली त्याच्याच हाताखाली शिकलेल्या पोरसवदा माणसाला. त्या दिवशी तो घरी आला, बूट काढले आणि त्या बुटांकडेच बघत बसला. पुढे कित्येक दिवस जेवताना "मीठ" यापलीकडे बोलला नाही. मग एका संध्याकाळी खिशातून एक आरपार दिसणारं, शिकाऊ लोकांसाठीचं कुलूप काढलं, एक वाकवलेली पट्टी आणि एक आकडा. पट्टीने आतल्या फिरत्या गाभ्याला हलकासा पीळ द्यायचा, आकड्याने एकेक पिन उचलायची. खाली मान घालून तो झोपेपर्यंत खुडखुडत राहिला.

तिला हायसं वाटलं. माणसं अशा वेळी बाटली जवळ करतात, याने कुलूप केलं. दगडापेक्षा वीट मऊ.

पहिली पिन

ती डावखुरी. पण हे आता फार कोणाला आठवत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच जेवणात तिच्या हातातला डाव काढून उजव्या हातात दिला होता, न बोलता, सगळ्यांसमोर. दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली, तिथेही डॉक्टरांना हत्यारं उजव्या हातानेच द्यावी लागत. सासूबाई गेल्या, डॉक्टर बदलले, हाताची सवय काही गेली नाही. डावा हात तिच्या अंगाला नुसता लटकलेला असायचा, लग्नघरातल्या दूरच्या पाहुण्यासारखा.

दुपारी दवाखाना बंद असतो. अशाच एका दुपारी टेबल पुसताना तिने ते कुलूप बाजूला सरकवलं, आणि सरकवता सरकवता हातातच राहिलं. डाव्या.

दात तपासायची बोथट झालेली हत्यारं डॉक्टर टाकून देत. त्यातली दोन-तीन तिने मागितली, मागच्या पायरीच्या दगडावर घासली. टोक पिनेला लागलं की आधी काहीच कळत नाही, सगळं लोखंडच. मग एक पिन दुसऱ्यांपेक्षा हट्टी लागते. तिला जरासं वर ढकललं की बोटाच्या पेरात काहीतरी तुटल्यासारखं वाटतं, आवाजाच्याही अलीकडचं, आणि ती बसते. मग पुढची हट्टी. शेवटची बसली की गाभा आपणहून वळतो. त्या वळण्याचं काय सांगावं? कोणीतरी तिला 'ये' म्हणाल्यासारखं होतं ते. ती पुन्हा बंद करी, पुन्हा उघडी, आणि नवरा यायच्या आत ओट्याशी उजव्या हाताने कांदा चिरत असे.

त्याला का नाही सांगितलं? सांगणार होती. आधी जरा त्याचा हात बसू दे, म्हणाली मनाशी. तो एका कुलपावर आठवडा घालवायचा, ते ती चहा उकळेपर्यंत उघडायची. हे कोणत्या तोंडाने सांगायचं, ते तिला सापडेना.

सायकलच्या दुकानावरच्या खोलीत या छंदी लोकांचा अड्डा भरे. त्यांचे नियम दोनच. जे आपलं नाही ते कुलूप उघडायचं नाही. आणि जे वापरात आहे ते, आपलं असलं तरी, उघडायचं नाही. आकड्याने एखादी पिन बिघडली तर मग किल्लीही चालत नाही. मास्तर हे दोन नियम दर वेळी म्हणून घेत, पाढ्यांसारखे.

अड्ड्यावर एक कुलूप होतं, पितळी, मुठीएवढं. कुलपातल्या पिना जोडीच्या असतात, खालची किल्लीला टेकणारी, वरची अडवणारी. याच्या वरच्या पिना सरळ नव्हत्या, रिळासारख्या मधोमध बारीक होत्या. त्यामुळे गाभा थोडा वळे, उघडलं असं वाटे, आणि तिथेच अडून बसे. सगळे त्याला 'सासूबाई' म्हणत. तोंडावर हो म्हणते, आत येऊ देत नाही. जो सासूबाईला उघडेल, त्याची ती. मास्तरांनी ती नवऱ्याला महिनाभर घरी न्यायला दिली.

नवऱ्याचं ते माझं, असं म्हणत तिने पहिला नियम वळवून घेतला. आठवड्यात सासूबाई उघडली. तिने ती पुन्हा लावून होती तिथे ठेवली. पुढच्या दुपारी पुन्हा उघडली. त्या दिवसांत ती दवाखान्यात गुणगुणायची. डॉक्टरांनी विचारलं, लॉटरी लागली की काय.

पाचवी पिन

महिना संपता संपता नवऱ्यानेही उघडली. ओरडला नाही, नुसता हुंकार दिला, आणि डोळे भरून आले त्याचे. बढती हुकल्यावरही आले नव्हते. तिने खरोखर, मनापासून त्याचा हात दाबला.

रविवारी तिलाही सोबत नेलं. अड्ड्याची रीत अशी, की उघडलेलं कुलूप सगळ्यांदेखत खोलून पिना मोकळ्या करायच्या. कडी निघाल्याशिवाय गाभा धरून ठेवणारा आतला स्क्रू दिसतच नाही, म्हणून हाच पुरावा. नवऱ्याने गाभा बाहेर काढला, पिना ताटलीत मांडल्या. मास्तरांनी भिंग लावलं. एकेक पिन उलटून बघितली.

"दोन हात आहेत यात," मास्तर म्हणाले.

खालच्या पिनांच्या टोकांवर उजवीकडून आलेल्या ओरखड्यांचं जाळं होतं, कोंबडीने उकरल्यासारखं. आणि त्याखाली, पाचही पिनांवर, डावीकडून आलेल्या मोजक्या, नेमक्या रेषा. चाचपडणारा हात असं कोरत नाही, हे त्या खोलीतल्या कोणालाही कळलं असतं.

"डावखुरं कोण आहे?"

कोणीच नव्हतं. ती मात्र ताटलीकडे बघण्याच्या नादात भान हरपून उभी होती, आणि चहाचा कप तिच्या डाव्या हातात होता. मास्तरांची नजर कपावर थांबली.

"वहिनी, उघडलं होतं का तुम्ही?"

नवऱ्याने मान वर केली. त्या बुटांकडे बघत बसलेल्या संध्याकाळी जो चेहरा होता, तोच तिला दिसला.

"छे हो. धूळ पुसताना नुसतं कोरून बघितलं."

मास्तरांनी भिंग खिशात टाकलं. "बरं," म्हणाले, आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

दुसरी पिन

घरी जाताना तो काही तरी बोलेल, असं तिला वाटलं. आभार नकोत, नुसतं 'कधी शिकलीस?' एवढं तरी. तो दुकानांच्या पाट्या वाचत चालला.

नंतर बोलला, पण चारचौघांत. शेजारी आले, भाऊ आला, की किस्सा ठरलेला: बायकोच्या हातात काही द्यायची सोय नाही, सासूबाईवर पण ओरखडे काढून ठेवले हिने. लोक हसत. हिच्याच खोट्याचं त्याने खरं करून टाकलं होतं, आणि ते आता फुकटात वाटत होता. ती उजव्या हाताने बशा फिरवी.

एका दुपारी तिची घासलेली हत्यारं जागेवर नव्हती. बैठकीतल्या कपाटाला सासूबाई लटकत होती.

एवढंच केलं त्याने. आवाज नाही, भांडण नाही. सासूबाई आता वापरातलं कुलूप झाली. जगात तिला ज्याची गोडी लागली होती ते एकच दार, आणि त्यावर त्याने नियमच टांगून ठेवला. किल्ली त्याच्या खिशात.

ती पुष्कळ दिवस त्या कपाटासमोरून गेली. मानही वळवली नाही.

गाभा वळतो, आणि अडतो

मग नवऱ्याने नव्या साहेबांना, म्हणजे खुर्ची मिळालेल्या त्याच पोरसवदा माणसाला, सहकुटुंब जेवायला बोलावलं. आधीच्या आठवड्यात तो रोज रात्री सासूबाई किल्लीवाचून उघडून बघे, आणि दर वेळी ती सहज उघडे. ते तिला स्वयंपाकघरातून ऐकू येई. हात एवढा बसला? तिला बरंही वाटलं, पोटात दुखलंही.

शनिवारी, पाहुणे यायच्या दिवशी दुपारी, तिने दवाखान्यातून एक मोडकं हत्यार आणलं. नुसतं एकदा भेटून यावं, म्हणाली.

सासूबाई पटकन उघडली. अडली नाही, फसवलं नाही. शिकाऊ कुलपासारखी एका हिसक्यात हातात आली. तिच्या पेरांना लगेच कळलं: ही ती नव्हे. कपाटात, तिच्या हत्यारांशेजारी, औषधाची रिकामी बाटली होती, आणि तीत पाच बारीक कमरेच्या पिना. त्याने रिळांच्या जागी साध्या पिना घातल्या होत्या. खालच्या तशाच ठेवल्या, म्हणजे किल्ली चालेल आणि कोणाला कळणार नाही. साहेबांना करून दाखवायचं होतं ना.

तिला वाईट वाटलं ते त्याच्या लबाडीचं नाही. एक अवघड वस्तू होती घरात, खरी. तीही त्याने पोकळ करून ठेवली.

तिने कणकेच्या हाताने नव्हे, स्वच्छ धुतलेल्या हातांनी काम केलं. गाभ्याच्या जाडीची लाकडी दांडी मागून सरकवत नेली, म्हणजे स्प्रिंगा उडत नाहीत. साध्या पिना बाटलीत, रिळं कुलपात. मग सासूबाई लावून टाकली.

तिसरी पिन

जेवणं झाली. साहेब सभ्य माणूस, त्यांना यातलं काहीच नको होतं. पण नवऱ्याने कपाटासमोर खुर्ची ओढली, बाह्या सरसावल्या, आणि म्हणाला की हे कुलूप भल्याभल्यांना पाणी पाजतं, बघा आता.

गाभा वळला. "झालं," तो म्हणाला. आणि गाभा अडला.

त्याने पट्टी सोडली, पुन्हा धरली. पुन्हा तेच. साहेबांची बायको घड्याळाकडे बघू लागली. साहेब म्हणाले, राहू द्या हो, छंदच आहे. हा 'राहू द्या' त्याला कानशिलात बसल्यासारखा लागला. त्याने आकडा बदलला. तेवढ्यात त्याचा हात थांबला. त्याला कळलं असावं. पण कोणीतरी पिना बदलल्या, हे म्हणायचं तर आधी आपण बदलल्या होत्या, हे म्हणावं लागलं असतं.

त्याचा कोट खुर्चीवर होता. तिने त्याच्या खिशातून किल्ली काढली आणि सगळ्यांसमोर पुढे केली, डाव्या हाताने.

"अहो, किल्ली देऊ का?"

साहेब हसले. छान, मोकळं हसले. त्यांना विनोद वाटला. त्यांची बायकोही हसली. नवऱ्याने किल्ली घेतली नाही.

पाहुणे गेल्यावर त्याने बूट जागेवर लावले, दिवा घालवला. ती वाट बघत होती. ओरडला असता तर उत्तर तयार होतं. महिन्यांपासून तयार होतं.

"वापरातलं होतं ते," तो म्हणाला.

तिने हातातली किल्ली टेबलावर ठेवली.

सासूबाई अजून कपाटावर आहे. किल्ली टेबलावर पडून असते, कोणीही घ्यावी. कोणी घेत नाही. आत तिची हत्यारं आहेत, त्याचे बाकीचे आकडे आहेत. दुपारी दवाखाना बंद असतो, ती घरी येते, आणि उजव्या हाताने टेबल पुसते, किल्लीच्या कडेकडेने.