तोफेसमोरचा निळा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. जेवणाचा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण बार्शीटाकळीच्या एसटीत मला मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईंना आजवर निदान वीस जणांनी "भाजी काय आणली?" असं विचारलं आहे. मी लसीचा डबा आहे. माझा रंग निळा होता, उन्हानं तो आकाशी झाला. पट्टा तुटला तेव्हा त्या जागी सुती साडीचा काठ आला. झाकणाच्या कोपऱ्याला एक चीर आहे, तिच्यावर पांढरी चिकटपट्टी आहे. ती जखमेला लावतात तीच. दवाखान्यात राहणाऱ्यानं दुसरं काय लावायचं?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या दोन भिंतींच्या मध्ये फोम भरला, झाकण घट्ट बसतं का ते पाहिलं आणि मला ट्रकात टाकलं. मी अकोल्याला उतरलो, तिथून बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात आलो आणि माया सिस्टरांच्या वाट्याला गेलो. त्या मूळच्या अमरावतीच्या. अकरा वर्षांत त्यांच्या खांद्याला माझी आणि मला त्यांच्या खांद्याची सवय झाली आहे.

माझं काम सोपं आहे. माझ्या चार बाजूंना बर्फाच्या चार पेट्या उभ्या राहतात आणि मधल्या जागेत लसीच्या बाटल्या. बाहेर ऊन माणसाला भाजून काढत असलं तरी माझ्या पोटात गारवा. पण एक गंमत ऐका. फ्रीझरमधून काढलेली पेटी तशीच माझ्यात ठेवली, तर लस गोठते आणि वाया जाते. म्हणून माया सिस्टर पेट्या आधी टेबलावर मांडून ठेवतात. त्यांना घाम फुटू देतात. मग एकेक पेटी कानाशी धरून हलवतात. आत पाणी खळखळलं, की मगच ती माझ्यात येते. एकदा डोळ्यांदेखत बस सुटली, पण पेटी कानाशीच होती.

मग देशभर साठीपुढच्या माणसांना फ्लूची लस द्यायची मोहीम निघाली. आमच्या वाट्याला एक गाव होतं. त्याचं नाव सांगत नाही. पुढे ते इतक्या वेळा सांगितलं गेलं, की गावालाच त्याचा कंटाळा आला. या गावानं मागल्या हिवाळ्यात फ्लूपायी तीन म्हातारी माणसं गमावली होती. त्यातले एक गयासुद्दीनमियाँ, हलीमाबींचे घरवाले; हलीमाबी पुढे भेटतीलच. म्हणून माया सिस्टरांनी हे गाव पहिलं मागून घेतलं. सोमवार ते बुधवार, तीन दिवस. त्यानंतर आम्ही पुढल्या गावाला जाणार आणि या गावाची पाळी थेट पुढच्या वर्षी.

सोमवारी समाजमंदिरात पहिला नंबर पुंजाजींचा लागला. वय चौऱ्याहत्तर, मिशी पांढरी, गावातल्या कुठल्याही रांगेत पहिले. लस झाली. अर्धा तास बाकावर बसायचं म्हणून ते बसले, आणि दहाव्या मिनिटाला बाकावरून खाली आले.

माया सिस्टरांनी त्यांचे पाय उंच केले, नाडी धरली, रक्तदाब मोजला आणि रुग्णवाहिका बोलावली. त्याच वेळी दारात याच गावचा शिवम उभा होता. 'तोफ चोवीस तास' ही मोबाइलवरची वाहिनी त्याची. चोवीस तास म्हणजे सकाळी नऊपासून जेवायच्या वेळेपर्यंत. वार्ताहर तोच, संपादक तोच, कॅमेरावालाही तोच. तो आला होता गावचा खचलेला पूल टिपायला. पण पूल काही पळून जाणार नव्हता.

शिवमनं तीन मिनिटांचा व्हिडिओ केला. खाली लाल अक्षरं: "लस घेताच वृद्ध कोसळला". मग कॅमेरा माझ्यावर आला आणि चिकटपट्टीवर थांबला. "हाच तो फाटका डबा. या डब्यात दडलंय काय?" मित्रांनो, अकरा वर्षं मी हजारो लेकरांच्या लसी वाहिल्या, पण माझा फोटो कोणी काढला नव्हता. काढला तो असा.

"मॅडम, चक्कर लसीनंच आली ना?" शिवमनं विचारलं.

"मले आज माहीत नाई. तपासून सांगीन," माया सिस्टर म्हणाल्या.

व्हिडिओत त्यातलं 'मले माहीत नाई' एवढंच राहिलं. बाकीचं लांबत होतं.

मंगळवारी समाजमंदिरात चिटपाखरू नव्हतं. मी भरलेला गेलो आणि भरलेला परत आलो. केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं, बुधवारीही लोक आले नाहीत तर वाढीव दिवस मिळणार नाही, हे गाव थेट पुढच्या वर्षी. आणि तो व्हिडिओतला डबा आता नेऊ नका, नवे आलेत. नवे डबे कपाटावर चमकत बसले होते. माझ्या झाकणावर कोणीतरी चहाचा कप ठेवला होता. मी थंड राहायला शिकलेलो आहे, म्हणून काही बोललो नाही.

"साहेब, डबा बदलला तं गावाले वाटल, आंधीचा खराबच होता," माया सिस्टर म्हणाल्या. डॉक्टरांनी मला चारही बाजूंनी पाहिलं, झाकण दोनदा लावून पाहिलं आणि होकाराची मान डोलावली.

त्याच दुपारी त्या मला घेऊन पुंजाजींच्या घरी गेल्या. ते दवाखान्यातून परतले होते. हृदय ठणठणीत, फक्त त्या वेळी रक्तातली साखर खाली गेली होती, असं कागदावर लिहिलेलं होतं.

"बाबाजी, सोमवारी सकाळी काय खाल्लं होतं?"

"काई नाई."

"काहून?"

"काहून म्हंजे? सुई टोचाची होती ना. रातीपासून पान्याशिवाय काई घेतलं नाई. शुगरच्या शिबिराले तुमीच तं भोंग्यावर सांगतलं होतं, उपाशीपोटी या म्हणून. मी काय, सारी रांग उपाशी होती."

माया सिस्टरांना आठवलं. आषाढात त्यांनीच गावभर भोंगा फिरवला होता. गावानं तो मनावर घेतला आणि सुई म्हणजे उपास असा नेमच करून टाकला. सरकारचं एवढं मनापासून ऐकणारं गाव दुसरं नसेल. फक्त एका शिबिराचं सांगणं पुढच्या शिबिरालाही लावलं होतं.

"म्हंजे माह्यं चुकलं, बाबाजी."

"चुकलं तं चुकलं. आता गावाले सांगा. पण तुमचं कोनी आयकनार नाई. माह्यं आयकतीन."

डॉक्टरांनी पुंजाजींचं म्हणणं आणि तपासणीचे कागद शेजारी ठेवून वाचले. उपाशी पोट, त्यात ऊन आणि सुईची धास्ती, असं कारण त्यांनी सहीनिशी लिहून दिलं.

बुधवारी सकाळी भोंगा पुन्हा फिरला. "फ्लूची लस हाय. जेवून या. उपाशी याचं मीच सांगतलं होतं, ते फक्त शुगरसाठी होतं. माह्यं सांगाचं राहून गेलं."

दहा वाजता एकट्या हलीमाबी आल्या. त्या चुड्या विकतात. गावातल्या प्रत्येक बाईचा हात त्यांच्या हातातून गेलेला. वय अडुसष्ट, दम्याच्या. त्यांच्या मागे दहा पावलांवर अर्धं गाव उभं राहिलं, नुसतं पाहायला. शिवमही मोबाइल घेऊन हजर होता.

"सिस्टर, डब्बा खोल. मेरे सामने खोल."

झाकण उघडलं. हलीमाबींनी वाकून बर्फ पाहिला. मग बाटलीवर बोट ठेवलं. "ये ठप्पा काय का हाय?"

"खाला, गोलाच्या आत चौकोन हाय पाहा. चौकोन गोलापेक्षा फिका तोवर लस चांगली. गरमी लागली का तो काळा पडते."

हलीमाबींनी चष्मा लावला आणि बाटली खिडकीच्या उजेडात धरली, काचेच्या चुडीला तडा आहे का ते पाहतात तशी. अकरा वर्षांची माझी इज्जत त्या चार बोटांत होती.

"फिक्का हाय," त्या मागे वळून गावाला म्हणाल्या. मग माझ्या चिकटपट्टीवर हात ठेवून म्हणाल्या, "हमारे घरवाले बी ऊपर से ऐसेच फटे दिखते थे. अंदर से पक्के."

"जेवल्या का, खाला?"

"दो रोटी अन् अंडा," असं म्हणून त्यांनी बाही वर केली.

तेवढ्यात पुंजाजी आले. हातात पितळी थाळी, तिच्यात ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा. ज्या बाकावरून पडले होते त्याच बाकावर बसले.

"शिवम, इकडे लाव तुया मोबाइल."

"बाबाजी, तुमी जेवून राहिले. यात बातमी काय हाय?"

"मी पडलो तवा किती मिन्टं दाखवलं?"

"तीन."

"मंग जेवतो तेबी तीन मिन्टं दाखव. अन् सांग, म्हातारा उपाशी होता म्हणून पडला. सिस्टरनं कबूल केलं, डाक्टरनं लिहून देल्लं, मी खाऊन दाखवतो."

शिवमनं खाली पाहिलं, मग मोबाइल वर केला. त्यानं डॉक्टरांचा कागदही वाचून दाखवला, पूर्ण. पुंजाजींनी त्या तीन मिनिटांत कसलीही घाई केली नाही. ठेचा लागला की पाणी पीत, मिशी पुसत आणि पुढचा घास मोडत.

मग गाव आलं. जे जेवून आले नव्हते त्यांना सिस्टरांनी रांगेतून काढलं, तर बायकांनी घरून टोपल्याच आणल्या. समाजमंदिरात पंगत बसली. आधी भाकर, मग सुई, मग अर्धा तास गप्पा. बारा वाजेपर्यंत मी रिकामा झालो. फोन गेला आणि मोटारसायकलवरून नवा चमकता डबा आणखी लस घेऊन आला. त्यानं माझ्याशेजारी बसताना जरा अंग चोरलं. मीही जागा दिली. चार वाजता शिवम आपल्या आईला घेऊन आला आणि विचारण्याआधीच म्हणाला, "जेवून आनलं."

संध्याकाळपर्यंत गावातल्या एकशे एकतीस म्हाताऱ्यांपैकी एकशे अठरांची लस झाली. तालुक्यात एवढी कुठेच झाली नाही. पहिला व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला होता, दुसरा एक लाखांनी. त्यातले निम्मे ठेच्यासाठी आले असतील. असोत.

परतीच्या एसटीत एका काकांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "भाजी काय आणली?"

"ठेचा होता. संपला," माया सिस्टर म्हणाल्या.

हिवाळा सरत आला. संक्रांतीला हलीमाबी दारोदार चुड्या घालत फिरल्या. पुंजाजी रेशनच्या रांगेत पहिले होते.

मित्रांनो, आता माझं थोडं ऐका. माझ्यावर कोणी बसू नका, कप ठेवू नका, काम झालं की मला पुसून झाकण उघडं ठेवा. जुना आहे म्हणून टाकू नका आणि जुना आहे म्हणून विश्वासही ठेवू नका. उघडून पाहा, मला राग येत नाही. आणि मोबाइलवर एखादी बातमी आली, तर ती लगेच पुढे ढकलू नका. ती नुकतीच फ्रीझरमधून निघालेली असते. तिला थोडा घाम फुटू द्या, कानाशी धरून हलवा, आत काही खळखळतं का ते ऐका. मग खुशाल पाठवा.

चला, माया सिस्टरांनी पेटी कानाशी धरली आहे. आज पलीकडच्या गावाची पाळी. तुमच्या आजी-आजोबांना माझा निरोप द्या: जेवून या.