कुरणवस्तीची सायाळ

कुरणवस्तीला पयल्यापास्नं रेंज न्हवती. न्हवती म्हंजी इतकी न्हवती, की तितल्या माणसानं वालचंदनगरला मिस कॉल दिला, तर मागनं त्यो सोता फटफटीवर जायाचा, च्या प्यायचा, काम सांगून परत यायचा, आन् मग कुठं तिकडं फोन वाजायचा. एकानं लग्नाची पत्रिका फोनवर धाडली, ती पाव्हण्याला मिळाली तवा नवरानवरी बारशाच्या घुगऱ्या वाटत व्हते. पाव्हणा बी इरसाल. लग्नाचाच आहेर घिऊन आला आन् जेवायला दोनदा बसला.

असल्या वस्तीत अस्मा सून म्हणून आली. वालचंदनगरला कंपनीच्या कॉर्टरमधी वाढलेली पोरगी, नळाला पाणी आन् भिंतीला बटन बघितलेली. नवरा मुजफ्फर बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात, सकाळी गाडीला किक मारून जायाचा त्यो दिवस मावळताना यायचा. घरात सासरा महंमद, दीड एकर ऊस आन् एक म्हस. अस्माचं शिक्षान पेटीत घडी घालून ठिवलेलं.

पर पोरगी चिवट. पंचायतीच्या हापिसापतुर इंटरनेटची वायर आलीय असं तिला कळलं आन् ती ग्रामसेवकाच्या मागं लागली. चौदा खेटं घातलं. पंधराव्याला ग्रामसेवक तिला लांबनं बघून पाठीमागच्या खिडकीतनं पळाला म्हणत्यात, आन् त्या खिडकीला गज व्हतं. काय का आसंना, शेवटी वायर आली. कॅनॉलच्या रस्त्याच्या कडंनं दोन कोस चर मारून आली. कागदावर चार फूट खोल, मातीत वीतभर. कंत्राटदाराच्या माणसांनी कोंबडी माती उकरती तेवढंच उकारलं, वरनं पायानं दाबलं आन् फोटू काढून गेली.

आन् अस्माला काम लागलं. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्याचा फोन घरी बसून उचलायचा. कुणाला कुठला डॉक्टर, किती वाजता, सोबत काय आणायचं, ते सांगायचं. आतल्या खोलीत कानाला यंत्र लावून बसायची. मऊ बोलायची, म्हाताऱ्या माणसाला तीनतीनदा सांगायची. तिच्यावरच्या दिपाली मॅडमनी पयल्याच आठवड्यात सांगितलं, तुमच्यासारखं पेशंट कुणी सांभाळत न्हाय. पर अट एक. म्हयनाभर परीक्षा. त्या म्हयन्यात तीनदा लाईन गेली की नाव कापणार, मग परत घ्यायचं न्हाय.

म्हयना म्हंजी तीस दिवस. आन् त्याच म्हयन्यात कॅनॉलला पाणी सुटलं.

आता कॅनॉलला पाणी सुटलं की कुरणवस्तीत काय व्हतं ते सांगते. माणसं याडी व्हत्यात. एकेकाची पाळी दीड दिसाची, तेवढ्यात घेतलं तर घेतलं, न्हायतर पुढच्या पाण्यापतुर ऊस वाळून चिपाड. म्हणून ज्याचं रान रस्त्याच्या पलीकडं, त्यो रस्ता फोडून पाइप घालतो. कुणाला इचारत न्हाय. खालनं दुसऱ्याचा पाइप जाऊदे, न्हायतर पंचायतीचा नळ जाऊदे. तुटलं की माती लोटायची आन् गप बसायचं. आन् बाकीच्यांनी बी गप बसायचं, कारण आज त्यानं खांदलं, उद्या आपल्याला खांदायचंय. कुणी बाहेरचा इचाराय आला तर वस्तीचं एकच उत्तर, सायाळीनं कुरतडलं.

त्या सायाळीला कुणी जल्मात बघितलं न्हवतं. पर वर्णन तयार व्हतं. वासरायेवढी, अंगावरचं काटं छत्रीच्या काड्यायेवढं, आन् दात असं की सिमिटाचा पाइप काकडीवानी खाती. तुटक्या नळापाशी फावड्याचं वण दिसलं तरी ती सायाळच. तिला फावडं चालवता येत आसंल.

पयल्यांदा लाईन गेली ती सातव्या दिशी. खालच्या आळीत पिवळं जेसीबी अस्मानं सोताच्या डोळ्यानं बघितलं. लाईन जुळल्यावर मॅडमनी फोनवर इचारलं, तिनं सायाळ सांगितली. दुसऱ्यांदा एकोणिसाव्या दिशी गेली. ह्या येळंला शेजारच्या दत्तोबातात्यानं ठिबकचा पाइप टाकला. अस्मा त्यांच्या दारात जाऊन हुबी राह्यली.

"तात्या, वायर तुटली की."

"आरं बाबा. सायाळ लई माजलीय." दत्तोबानं टिकावाची माती पायानं झाडली. "तुझ्या सासऱ्यानं गेल्या साली माझा पाइप फोडला तवा बी तीच आलती. मी काय बोललो का?"

अस्मा घरी आली. तिनं परत सायाळ सांगितली. दिपाली मॅडम म्हणाल्या, "अस्मा, मी लिहिते. पण आमच्या ऑफिसातली माणसं शहरातली असली तरी अडाणी नाहीत हां."

तवापास्नं पोरगी रोज सकाळी चुलीम्होरं जायाच्या आदी वायरीच्या कडंनं एक फेरी मारायची. खुणंला दगड मांडलं, दगडावर चुना मारला. सासऱ्याला सांगितलं, "अब्बा, धा दिस ऱ्हायल्यात. तेवढं निभावलं की झालं."

"निभावंल की," महंमद म्हणला. "कोण हात लावतंय बघतो."

म्हातारा मनानं वाईट न्हवता. सुनंचं त्याला कौतिक व्हतं. पारावर सांगायचा, आमची अस्मा बोलती तवा पुण्याचं डाक्टर उठून हुबं ऱ्हात्यात. आन् सोताचंबी त्याला एक कौतिक व्हतं. मोटारीच्या वायरीचा जॉइंट. पंचक्रोशीत कुणाची हिरीतली मोटार बंद पडली की महंमदभाईला बोलावणं. वायर सोलायची, पीळ मारायचा, वर काळी टेप, तिच्यावर सायकलच्या टूबची पट्टी. त्याचा जॉइंट पाण्यात धा वरसं ऱ्हायचा. त्यो सोता म्हणायचा, मी मेल्यावर मोटार मरंल, जॉइंट मरायचा न्हाय.

अठ्ठाविसावा दिस. महंमदची पाळी आली, आन् ऐन टायमाला रस्त्याखालचा जुना सिमिटाचा पाइप फुटला. पाणी रस्त्यावर, ऊस कोरडा. म्हाताऱ्यानं टिकाव घेतला आन् चुना मारलेल्या दोन दगडांच्या मधीच खांदाय लागला, कारण पाइप तितनंच जात व्हता. वीतभरावर वायर लागली. तिला तशीच ठिवून खालनं पाइप घालायचा तर आणिक हातभर खोल जायाला पायजे व्हतं, आन् खाली मुरूम. टिकाव मारला की ठिणगी उडायची. हातभर म्हंजी दोन घंट्याचं काम. पाळीतलं दोन घंटं.

महंमदनं वायर तोडली. रागानं न्हाय, निष्काळजीनं न्हाय. नीट, इळ्यानं, एका घावात. कारण परत जोडायची ती त्यालाच, आन् जोडण्यात त्याचा हात कोण धरंल.

तवा आत अस्मा एका म्हातारीला सांगत व्हती, "मावशी, उपाशीपोटी यायचं, आन् जुन्या चिठ्ठ्या..." आन् मावशीचा आवाज गेला. पडद्यावरचं चाक फिराय लागलं. अस्मानं कानाचं यंत्र काढलं न्हाय. तसंच घालून भाईर पळाली, वायरीच्या कडंनं एकेक दगड बघत गेली, आन् सासऱ्याच्या रानापाशी पोचस्तवर घंटा गेला.

महंमद चरात बसून हात धूत व्हता. पाणी उसात चाललं व्हतं, ढेकळं बुडबुडत व्हती.

"अब्बा, हितं खांदलं?"

"खांदलं. बग, कसं लागलंय पाणी."

"आन् वायर?"

"मधी आलती. तोडली आन् लगीच जोडली." त्यानं मातीतनं वर काढून दावली. काळी टेप, वर टूबची पट्टी, वरनं खताच्या पोत्याचा कागद सुतळीनं आवळलेला. "माझा जॉइंट हाय. पर त्या कंत्राटदारानं फशिवलं बग तुला. आत तांब्याचा पत्त्या न्हाय. केसावानी तारा घातल्यात नुसत्या, पीळ मारला की मोडत्यात. तांबं खाल्लं भाड्यानं."

"अब्बा, ती काच असती."

"काच?"

"काचंची तार. तिच्यातनं वीज जात न्हाय. उजेड जातो."

महंमद हसला. वायरीतनं उजेड जातो म्हणं. मग सुनंचं तोंड बघितलं आन् हसू मधीच ऱ्हायलं. जॉइंटाकडं बघितलं, हातानं परत एकदा दाबला. मग टिकाव खांद्यावर टाकून उसाच्या कडंला गेला, पाणी फिरवायला.

अस्मा कॅनॉलच्या भरावावर चढली. तितं हात वर केला की रेंजची एक काडी यायची. दिपाली मॅडम म्हणाल्या, "बाई, दोनदा सायाळ चालवून घेतली. आता एकच रस्ता आहे. कुणीतरी माणसानं केबल तोडली, तुमची चूक नाही, असं लाईनवाल्याच्या रिपोर्टवर नावासकट लिहून आणा. नाव पाहिजे. मी तुमच्यासाठी भांडीन."

मग नवऱ्याला फोन लावला. मुजफ्फरच्या पाठीमागं पिशव्या भरायच्या मशीनी धडधडत व्हत्या.

"अब्बांनी तोडली," ती म्हणली.

"मुद्दाम?"

"न्हाय."

"मग... तू बघ काय लिव्हायचं ते. मला सुपरवायझर बलावतोय."

सुपरवायझर कुणाला बलावत न्हवता. अस्माला ते आवाजावरनंच कळलं.

दुसऱ्या दिशी लाईनवाला दीपक आला. त्यानं महंमदचा जॉइंट सोडला आन् आख्ख्या वस्तीम्होरं पोट धरून हसला. सोळा वरसं काम करतोय, म्हणला, फायबरला पीळ मारल्याला आज बघितला. चार माणसं जमली व्हती, तीबी हसली. दत्तोबा बी हसला. महंमद बाजंवर बसून सोडलेली टूबची पट्टी बोटाला गुंडाळत व्हता.

दीपकनं कागद काढला. "कुणी तोडली? नाव लिव्हायचंय. ताईंच्या हापिसातनं बी फोन आलता मला."

जमलेली माणसं कॅनॉलकडं बघाय लागली.

"जॉइंट तर माणसानं मारलाय," दीपक म्हणला. "सायाळ टेप लावत न्हाय."

"तोडली सायाळीनं," दत्तोबा सावकाश म्हणला. "जोडली कुणीतरी, चांगल्या मनानं."

दीपकनं अस्माकडं बघितलं. "ताई, तुमी सांगा. तुमी सांगाल ते लिव्हतो."

अस्मानं सासऱ्याकडं बघितलं. लई येळ बघितलं. तिला त्याचं नाव घ्यायचं न्हवतं. त्यानंच घ्यावं एवढंच पायजे व्हतं. "मी तोडली" दोन शब्द. त्याला कोण फाशी देणार न्हवतं. फार तर लोक म्हणलं असतं, महंमदभाई बाहेरच्यापुढं कबूल झाला, आता उद्या आपलंबी सांगंल. महंमद उसाकडं बघत व्हता. एका रात्रीत ऊस हिरवा व्हत न्हाय, पर तुम्ही त्याचं डोळं बघितलं असतं तर वाटलं असतं, तितं सोन्याचं कणीस आलंय.

"सायाळ," अस्मा म्हणली.

दीपकनं लिव्हलं. अर्ध्या घंट्यात तार जोडून, डबीत घालून, परत त्याच वीतभर मातीत पुरून गेला. चौथ्या दिशी दिपाली मॅडमचा निरोप आला. तीन ओळींचा. अस्मानं कानाचं यंत्र खोक्यात घातलं, खोकं पेटीत, शिक्षानावर.

वस्तीनं तिला डोक्यावर घेतलं. दत्तोबाच्या बायकूनं, मुक्ताबाईनं, वाटीभर शिकरण आणून दिलं. म्हणली, सून असावी तर अशी, तोंडातनं ब्र काढला न्हाय. अस्मानं वाटी घेतली, घासली, त्यात साखर घालून परत दिली. रिकामी वाटी परत द्यायची न्हाय, एवढं कॉर्टरमधी बी शिकवत्यात.

आन् वायर? ती तवापास्नं एकदाबी तुटली न्हाय. आठ म्हयनं झालं. पाणी दोनदा सुटून गेलं, पर सगळ्यांचं पाइप घालून झालं व्हतं. खांदायला कुणाला काय ऱ्हायलंच न्हाय. त्याच वायरीवरनं घरोघरी जोडणी गेली, आन् आता वस्तीत रेंज इतकी हाय की म्हशीसुदिक दूध देताना व्हिडू बघत्यात म्हणं. महंमदनं मोठा फोन घेतला. दुपारी बाजंवर पडून कुस्त्या बघतो, जगातल्या.

परवा असाच बघत व्हता. पैलवानानं पैलवानाला उचलला आन् तसाच वर अडकला. चाक फिराय लागलं.

"अस्मा," म्हाताऱ्यानं हाक मारली, "ह्ये थांबलंय बग. काय झालं आसंल?"

अस्मा म्हशीच्या गोठ्यात शेण भरत व्हती. तिनं पाटी खाली ठिवली न्हाय, मान बी वळवली न्हाय.

"सायाळ आसंल, अब्बा," ती म्हणली.