ऐकणारी दाढ

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, काका?"

"हो."

"कोणती?"

"नाही."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. खुर्चीत आडवे झालेले पंपाचे मिस्त्री त्यांच्याकडे हसतमुखानं बघत होते. मधुमेह आहे का म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. पूर्वी दात काढताना रक्त थांबायला वेळ लागला होता का, यालाही ती डोललीच. शेवटी बाईंनी बाहेर बसलेल्या लेकीला आत बोलावलं. ती म्हणाली, बीपीची एक गोळी सकाळी घेतात, बाकी काही नाही. मग वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, घाबरून काहीही सांगू नका. यांनी कशावर विश्वास ठेवायचा?"

मिस्त्री घाबरले नव्हते. त्यांना काही कळतच नव्हतं. गेली काही वर्षं ते माणसांच्या ओठांकडे बघून निभावून नेत होते, आणि इथे ओठांवर मास्क होता. त्या कापडाआडून येणारं बोलणं म्हणजे भिंतीपलीकडे कोणीतरी सामान सरकवत असावं तसं. घरात हे कोणाला ठाऊक नव्हतं. बाबांचं लक्ष नसतं, एवढंच लेक म्हणायची.

पंपाच्या मिस्त्रीला ऐकू येत नाही हे एकदा पसरलं की कामाला कोण बोलावणार? पण काम अडत नव्हतं, कारण ते कानानं ऐकतच नव्हते. मोटर उघडण्याआधी ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवत, त्याची मूठ डावीकडच्या खालच्या दाढेत धरत आणि डोळे मिटत. आवाज दाढेतून हाडात आणि हाडातून थेट डोक्यात. बेअरिंग गेलंय, पंखा घासतोय, की पाण्याबरोबर हवा ओढली जातेय, सगळं त्या एका दाढेला कळे. उजवीकडच्या दाढा केव्हाच पडल्या होत्या.

आणि आता हीच किडली होती. मुळाशी पू धरला होता, गाल सुजला होता. ठेवली तर जबड्याच्या हाडाला लागेल, असं बाई एक्स-रे उजेडात धरून लेकीला सांगत होत्या.

मग त्या सुई घेऊन वाकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आधी बधिर करते हं."

त्यातला एकच शब्द मिस्त्रींना लख्ख ऐकू आला. ते ताडकन उठून बसले.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"काय?"

"बधिर म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी लेकीकडे बघितलं, लेकीनं डॉक्टरीणबाईंकडे. बाईंनी सुई दाखवली, स्वतःच्या गालावरून बोट फिरवलं. मिस्त्रींच्या लक्षात आलं आणि त्यांचे कान लाल झाले. आता तोंड उघडलंच आहे तर बोलून टाकावं म्हणून ते म्हणाले, "ही काढू नका. मी हिनंच ऐकतो."

असले समज बाईंच्या रोजच्या ओळखीचे होते. दाढ काढली की नजर जाते, कान जातो, मेंदूची शीर तुटते. त्यांनी मास्क खाली ओढला आणि लहान मुलाला सांगावं तसं सावकाश सांगितलं, की दाढेचा आणि कानाचा काही संबंध नाही. दाब जाणवेल, दुखणार नाही, दुखलंच तर हात वर करायचा. आतून करकर आवाज येईल, त्याला भ्यायचं नाही.

हे सगळं मिस्त्रींना स्वच्छ कळलं. एवढ्या मायेनं समजावणाऱ्या बाईशी वाद कसा घालायचा, तेवढं कळेना. ते पुन्हा आडवे झाले.

ओठ जड झाला, जीभ दुसऱ्या कोणाची तरी वाटायला लागली. पकड बसली आणि आवाज सुरू झाला. इतका मोठा आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. गंजलेला नट पहिल्यांदा फिरावा तसं करकरलं, मग आत कुठेतरी काहीतरी उकललं. तेही सगळं त्या दाढेनंच ऐकवलं. मग एकदम शांत.

लेक खाली औषधं घ्यायला गेली होती. बाईंनी दाताखाली बोळा दाबायला दिला, मास्क वर केला आणि हात धुता धुता पाठमोऱ्याच सूचना दिल्या. मिस्त्रींनी मान डोलावली.

संध्याकाळी लेक बघते तर गोळ्यांची पाकिटं न उघडलेली आणि बाबा गाल धरून बसलेले.

"अहो, गोळी का नाही घेतली?"

"त्याच म्हणाल्या, आज गोळ्या नकोत. उद्यापासून, मिठाच्या पाण्यानं."

"मिठाच्या पाण्यानं गोळ्या?" ती क्षणभर गोंधळली, मग तिला हसू फुटलं. "गुळण्या, बाबा. आज गुळण्या नकोत. चूळ भरली की जखमेवरची गुठळी सुटते आणि पुन्हा रक्त येतं."

बोलत बोलतच ती स्वयंपाकघरात गेली. दूध गार देऊ की कोमट, असं तिनं तिथून विचारलं. उत्तर आलं नाही. ती ग्लास घेऊन त्यांच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. मग आवाज न चढवता म्हणाली, "बाबा, खालची मोटर बंद पडलीय."

या वाक्यावर ते तापातूनही उठले असते. ते तसेच गाल धरून बसून राहिले.

ती पुढे आली, गुडघ्यांवर बसली. "सकाळी म्हणालात, हिनंच ऐकतो. कसं ऐकायचात?"

मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, आणि दोघं जिन्याखालच्या मोटरपाशी गेली. मोटर चालूच होती. ते सवयीनं मूठ तोंडापाशी घेऊन गेले आणि थांबले. त्यांनी ती सदऱ्याला पुसून तिच्या हातात दिली. पिवळ्या मुठीवर एक खोलगट खाच पडली होती. तिनं टोक मोटरला टेकवलं, आणि तिची दाढ त्या खाचेत नेमकी बसली. तिनं डोळे मिटले, आणि सगळी मोटर तिच्या डोक्यात आली.

तिनं डोळे उघडले तेव्हा ते उकिडवे बसून, उघडलेल्या यंत्रात बघावं तसे तिच्या चेहऱ्यात बघत होते.

"काय म्हणतेय?"

ती बोलायला गेली आणि थांबली. उठून जिन्यातल्या दिव्याखाली जाऊन उभी राहिली, तोंडावर नीट उजेड पडेल अशी, आणि मग सावकाश सांगायला लागली.